उम्म मुरादची कंबर

उम्म मुरादची कंबर कुणी विचारतंय ते बघून दुखायची.

गावाकडून दीर अबू गाझीचा फोन आला, की तिचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा व्हायचा. "कसली येतेय मी ऑलिव्ह तोडायला, अबू गाझी. पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जाते तेच पुष्कळ. पाठ म्हणून काही राहिलीच नाही मला." एवढं बोलून फोन ठेवायची आणि गुणगुणत कांदा चिरायला घ्यायची. मग दुपारी सून कामावरून आली, हात धुताधुता तिने सहज विचारलं, "मावशी, आज कंबर कशी आहे?", की उत्तर ठरलेलं. "अल्हम्दुलिल्लाह. अल्लाची कृपा. लोखंड आहे लोखंड. तू आपलं बघ, किती वाळलीयस."

सासूला मावशी म्हणायची जॉर्डनमधल्या इर्बिदमध्ये रीतच आहे. बाकी सारी गल्ली तिला उम्म मुराद, म्हणजे मुरादची आई म्हणायची. तिचं स्वतःचं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

सून अरीज फिजिओथेरपिस्ट. दिवसभर हॉस्पिटलात परक्यांच्या पाठी तपासायची, बोट ठेवून सांगायची की कुठे धरलंय, कधीपासून धरलंय. आणि घरातली एकच पाठ तिला कळत नव्हती. कळणं तर फार गरजेचं होतं, कारण सकाळी ती घर सोडायची तेव्हा तिचा दहा महिन्यांचा मुलगा सनद त्या पाठीच्याच भरवशावर असायचा. सनद अंगाने चांगलाच भरलेला. त्याला उचलून घेतलं की अरीजलाही खांदा बदलावा लागे.

लोखंडाबद्दल तिला शंका यायला कारणं होती. उम्म मुराद उठताना दाराची चौकट धरायची, आणि आपण धरली नाही असं दाखवायला चौकटीवरची धूळ पुसायची. सकाळी सनदच्या पायातून निसटलेला मोजा दुपारी अरीज येईपर्यंत जिथे पडला तिथेच असायचा. हे सगळं बघून अरीजच्या डोळ्यांपुढे नको ती चित्रं यायची. मावशी जिन्यात, सनद कडेवर, आणि कंबरेत चमक. मावशी गॅसपाशी, किटली उकळतेय, सनद कडेवर, आणि कंबरेत चमक. पेशंटच्या पाठीवर हात ठेवून ती "श्वास घ्या" म्हणायची आणि स्वतः घ्यायची विसरायची.

सरळ विचारायची सोय नव्हती. 'तुम्हाला झेपत नाही' असं सासूला म्हणणं म्हणजे तिच्या हातातली परात काढून घेण्यासारखंच. नवऱ्याला, मुरादला, विचारलं तर तो म्हणे, "आई बरी आहे म्हणते ना? मग बरी असेल." तो शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, पण घरात कुठलाही प्रयोग करायची त्याची तयारी नसे. आणि झर्काला अरीजची आई, उम्म कैस, रोज फोनवर एकच गोष्ट सांगायची. "माझी बॅग भरलेलीच आहे. तू नुसतं हो म्हण."

अरीजने हो म्हटलं, तर सासूच्या मांडीवरून नातू गेला. नाही म्हटलं आणि एखाद्या दुपारी खरंच चमक भरली, तर मग काही म्हणायलाच नको. तिसरा रस्ता म्हणजे नोकरी सोडणं, आणि त्या रस्त्याकडे ती बघतही नव्हती.

त्याच सुमारास तिच्या एम. एस्सी.चं काम अडलं. काम असं होतं, की पाठदुखीमुळे माणसाचं रोजचं जगणं किती अडतं ते मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली अरबी पेशंटना लागू होईल अशी करायची. वजन उचलणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास, अशी एकेक बाब. प्रत्येक बाबीखाली सहा वाक्यं, शून्यापासून पाचपर्यंत, आणि आपल्याला लागू पडेल त्यावर माणसाने खूण करायची. दोघांनी अरबी करून झालं होतं, तिसऱ्याने ते परत इंग्रजीत नेऊन झालं होतं, भांडणंही झाली होती. आता तिच्या मार्गदर्शक डॉ. हायफा म्हणाल्या, "माणसांना विचारून बघ. प्रश्न कळतात का बघ. आणि आठवड्याने त्याच माणसाला पुन्हा विचार. दुखणं तेच असेल तर उत्तर तेच आलं पाहिजे."

माणसांना विचारायला गेल्यावर अरीजला कळलं, की माणूस एकटा कधी येतच नाही.

एक हाजीसाहेब आले, बरोबर बायको. "आत्ता दुखणं किती आहे?" "अल्हम्दुलिल्लाह." "म्हणजे कमी आहे?" "अल्हम्दुलिल्लाह." "जास्त आहे?" "सगळ्याला अल्हम्दुलिल्लाह." शेवटी बायकोच पुढे सरकली. "लिही पोरी, रात्रभर कण्हतात." हाजीसाहेब म्हणाले, "कण्हत नाही, जप करतो." त्यावर दोघांचं जे जुंपलं, त्यात कुठल्या खान्यात खूण करायची ते अरीजला शेवटपर्यंत समजलं नाही. दुसरा एक तरणाबांड गवंडी आला. वैवाहिक आयुष्याचा प्रश्न वाचून त्याने कागदाची नीट घडी केली, खिशात घातली, आणि घरी विचार करून सांगतो म्हणून गेला तो परत आलाच नाही.

तेव्हा अरीजच्या डोक्यात आलं, की प्रश्नावलीला माणसं हवीत आणि मला मावशींचं खरं हवंय. दोन्ही कामं एकाच बैठकीत होतील.

"मावशी, माझी अडचण झालीय," ती रात्रीची भांडी पुसताना म्हणाली. "हे प्रश्न कळतात का ते कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही बसाल का माझ्यापाशी घटकाभर?"

"परीक्षा?" उम्म मुराद खूश झाली. "बसेन की. पण एकटी कशाला? मी काय पोलीस चौकीत आलेय? उम्म हातिमला बोलावते, हज्जा बदरियाला बोलावते. कॉफी होईल."

एकटीचंच हवं असं सांगायला अरीजने तोंड उघडलं, पण तोवर उम्म मुराद फोनवर होती.

तर सुट्टीच्या दिवशी सकाळी बैठक भरली. खाली राहणारी उम्म हातिम आली, तिची जीभ तिच्या आधी जिना चढून आली. हज्जा बदरिया आली, ती हज करून आलेली विधवा बाई, कमी बोलायची आणि बोलून झालं की कुठे बघायचं ते तिला माहीत असायचं. वेलदोड्याची कॉफी आली. सनद गालिच्यावर बसून लाकडी चमचा चावत होता. अरीजने कागद पुढे घेतला.

"आत्ता, या क्षणी, दुखणं किती आहे?"

"या क्षणी?" उम्म मुराद म्हणाली. "या क्षणी मी कॉफी पितेय. कॉफी पिताना कुणाचं काय दुखतंय?"

"शून्य लिही," हज्जा बदरिया म्हणाली.

"तू कोण सांगणारी?" उम्म हातिम म्हणाली. "दोन लिही. जिना चढते तेव्हा मी ऐकते ना. प्रत्येक वळणावर अल्लाचं नाव घेते, आणि शेवटच्या वळणावर माझं. ते शिव्यांत."

"प्रत्येकीने आपापलं सांगायचंय," अरीज म्हणाली.

"आपापलं कोण सांगतं, बाई?" उम्म हातिमला खरंच नवल वाटलं. "मी माझ्या पाठीचं कौतुक केलं तर नजर लागायची, नावं ठेवली तर रडकी म्हणायचे. शेजारीण कशासाठी असते मग?"

अरीजने पुढचं वाचलं. आरामखुर्चीत हवा तितका वेळ बसता येतं का. त्यावर तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. खुर्ची पाहुण्यांची, खुर्चीवर कोण बसतं; द्राक्षाच्या पानांत भात भरून वळकट्या करायला जमिनीवर मांडी ठोकून बसावं लागतं, पातेलं भरेपर्यंत, ते विचार की. अरीजने कागदाच्या कडेला टीप केली. प्रश्नावलीचं काम खरंच होत होतं, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं.

मग ती तिच्या प्रश्नाशी आली. आवाज शक्य तितका सरळ ठेवून तिने वाचलं. "जड वस्तू उचलणं. शून्य, उचलताना मला जास्तीचं दुखत नाही. एक, उचलता येतं पण..."

"पहिलं," उम्म मुराद म्हणाली.

"पुढची ऐकून तरी घ्या, मावशी."

"कशाला? पहिलंच माझं आहे. उचलताना मला कधी दुखलेलं नाही. कुराण आणून दे, हात ठेवून सांगते."

अरीजने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. लबाडीची एक रेघ नव्हती. उम्म हातिमनेही या वेळी हरकत घेतली नाही, ती वाटीतले बदाम निवडत होती.

वैवाहिक आयुष्याचं पान अरीजने हळूच उलटून पुढे न्यायचं ठरवलं होतं. पण उम्म हातिमची नजर बदामावर असली तरी कागदावरही होती. "हे काय गाळलंस?" म्हणत तिने कागद ओढून घेतला आणि ओठ हलवत वाचला. मग पुन्हा वाचला. "हे इंग्रज लोक दवाखान्यात असलं विचारतात?"

"उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

"नाही कसं? विचारलंय तर देते. माझ्या पाठीची काही तक्रार नाही. तक्रार असली तर अबू हातिमची असेल, त्याला बोलावून विचार. गेल्या रमजानपासून त्याची मान धरलीय."

उम्म मुरादने ओढणीआड तोंड लपवलं. हज्जा बदरियाने कॉफीचा कप खाली ठेवला. "माझं लिही," ती शांतपणे म्हणाली. "नवरा जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून या बाबतीत मला कसलंही दुखणं नाही. शून्य." आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

तिघी अशा हसल्या की सनद दचकला आणि मग तोही हसायला लागला. अरीजही हसली, डोळ्यांत पाणी येईतो हसली. आपल्या हातात काय दिलं गेलंय ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

जाताना उम्म हातिमने दारात एक ठिणगी टाकलीच. "लोखंड म्हणे. आणि परवा अबू गाझीच्या फोनवर तू मेली होतीस ते?"

"ते ऑलिव्हच्या दिवसांतलं मरण," उम्म मुराद म्हणाली. "त्याचा पाठीशी काय संबंध?"

आठवडा झाला. या खेपेला अरीजने शेजारणींना सुगावा लागू दिला नाही. दुपारी सनद झोपल्यावर सासू-सून दोघीच आतल्या खोलीत बसल्या, कागद काढला, आणि दाराची घंटा वाजली. अबू गाझी. गावाहून डाळिंबांची पेटी घेऊन आला होता. त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं, मुराद त्याच्याशी बोलत राहिला, आणि मधलं दार उघडं राहिलं.

"राहू दे आता, मावशी. उद्या करू," अरीज म्हणाली.

"उद्या कशाला? विचार तू," उम्म मुराद म्हणाली, आणि तिचा आवाज विहिरीत उतरू लागला. "मोठ्याने विचार."

"आत्ता दुखणं किती..."

"सहन होत नाही इतकं."

"बसणं?"

"बसवत नाही."

"उभं राहणं?"

"उभी कसली राहतेय मी, पोरी."

"जड वस्तू उचलणं?"

"चमचा," उम्म मुराद दाराच्या दिशेने म्हणाली. "चमचा उचलवत नाही मला."

बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं. अबू गाझी मनाचा मऊ माणूस. दारापर्यंत आला, आत न बघता खाकरला आणि म्हणाला, "उम्म मुराद, यंदा ऑलिव्हचं मनातही आणू नका. मी पोरं लावतो." आणि चहा न घेता गेला, कारण दुखणेकऱ्याच्या घरी चहाला बसणं त्याला बरं वाटेना.

एवढ्यावर भागलं असतं. पण मऊ मनाचा माणूस वाईट बातमी एकट्याच्या पोटात ठेवू शकत नाही. त्याने बायकोला सांगितलं, बायकोने अम्मानच्या नणंदेला, आणि नणंदेची जाऊ झर्काला राहायची. दुसऱ्या दिवशी अरीज हॉस्पिटलात पोचते तोवर आईचा फोन. "बसमध्ये बसलेय. बॅग मांडीवर आहे."

डॉ. हायफांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "ही बाई आठवड्याभरात कुस्तीच्या आखाड्यातून थेट स्ट्रेचरवर? मध्ये अपघात झाला का?"

"नाही. दीर आले."

डॉ. हायफांनी चष्मा काढून पुसला. "दिराचा रकाना आपल्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "काढून टाक हिला यादीतून."

यादीतून काढणं सोपं होतं. घरी गेल्यावर अरीजला दारातच दोन आयांचे आवाज ऐकू आले, दोन्ही मधात बुडवलेले.

"विहीणबाई, तुम्ही उठू नका. तुमच्या पाठीचं ऐकून माझं काळीज हललं."

"माझ्या पाठीला काय झालंय? लोक बोलतात. तुम्ही बसा, झर्काहून बसने आलात, पाय सुजले असतील."

"माझे पाय बसच ओढून आणतील, विहीणबाई, इतके धड आहेत. द्या तो ट्रे इकडे."

"पाहुण्यांनी ट्रे उचलला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

ट्रे दोघींच्या मधे हवेत होता, आणि कप एका बाजूला घसरत होते. अरीजने तो घेतला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात उम्म कैसने लेकीला गाठलं. बरणीतली तेलातली वांगी काढताकाढता ती म्हणाली, "मी ठरवलंय. सनदला शनिवारी झर्काला घेऊन जाते. तुम्ही सुट्टीला या भेटायला. त्यांची बिचारीची पाठ बरी होईतो. वर्षभर लागेल."

"अगं आई, हळू."

"हळूच बोलतेय."

पण दाराशी उम्म मुराद उभी होती, रिकामी पाण्याची बाटली घेऊन. तिने बाटली भरली आणि गेली. अबू गाझीचा फोन आला तेव्हा कण्हलीसुद्धा नाही, नुसतं हूं-हूं केलं. नंतर अरीजने बघितलं तर ती सनदचे धुतलेले कपडे घेऊन बसली होती, एकेक अंगडं मांडीवर पसरून हाताने इस्त्री केल्यासारखं सपाट करत.

"तुझी आई फार चांगली आहे," ती वर न बघता म्हणाली. "तिला सांग, त्याला डाळीत लिंबू घातलेलं चालत नाही. तोंड वाकडं करतो."

अरीजला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. मुराद म्हणाला, "तुम्ही तिघींनी मिळून ठरवा," आणि कूस बदलली.

गुरुवारी ती कामावर गेली खरी, पण मन लागेना. शनिवार समोर होता. पेशंट संपवून ती दुपार व्हायच्या आधीच निघाली, आणि जिना चढताना ठरवून पाय न वाजवता चढली. किल्ली आवाज न करता फिरवली. चोरासारखं वाटत होतं, पण तिला एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचंच होतं.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. उम्म मुराद जमिनीवरच्या गादीवर बसली होती, पाठ भिंतीला, पाय लांब. तिने जिभेने टक्-टक् आवाज केला. गालिच्यावरून सनद तुरुतुरु रांगत आला. तिच्या पायाशी एक लोड होता, त्यावर चढला. लोडावरून तिच्या मांडीवर. मांडीवरून, दोन्ही मुठींनी तिच्या झग्याचं भरतकाम धरून, पोटावर पाय देत, थेट खांद्याशी. उम्म मुरादचा एक हात त्याच्या मागे होता, न टेकलेला, नुसता तयार. तिने त्याला कुठेही उचललं नव्हतं. पोचल्यावर त्याने तिच्या कानाची बाळी ओढली आणि ती म्हणाली, "आलास, सुलतान?"

"आता पाठवा इकडे," भिंतीपलीकडून उम्म कैस म्हणाली.

मग अरीज दोन पावलं मागे, बाहेरच्या खोलीच्या दाराआड सरली, आणि तिथून तिने दुसरी गोष्ट बघितली. उम्म मुरादने त्याला मांडीवरून घसरत शेजारी उतरू दिलं. शेजारी मेंढीचं जाड लोकरीचं कातडं पसरलेलं होतं, त्याला एका टोकाला डोक्याला बांधायचा जुना लांब रुमाल बांधलेला. सनद सराईतासारखा कातड्याच्या मधोमध बसला आणि दोन्ही हातांनी लोकर पकडली. उम्म मुराद चौकट धरून उठली, सरळ ताठ उभी राहिली, रुमाल ओढला, आणि कातडं फरशीवरून सर्रकन निघालं. सनद बसलाय, दारातून, बोळातून, एखाद्या वजिरासारखा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दोन खुर्च्या आडव्या बांधलेल्या होत्या, तिथे स्वारी थांबली. पलीकडे गॅस, आणि किटली मागच्या शेगडीवर. अरीजने ते सगळ्यात आधी बघितलं.

"सोडा, विहीणबाई, पोचला," उम्म कैस म्हणाली. ती खुर्ची टाकून बसली होती, एका अंगावर.

"काल तुम्ही पाळण्यावर वाकलात आणि तिथेच अडकलात, ते मी कुणाला बोलले नाही," उम्म मुराद म्हणाली.

"आणि तुम्ही त्याला माकडासारखं चढायला शिकवलंत, ते मी तरी कुठे बोलले?"

"माकड कशाला? हुशार आहे म्हणून चढतो."

"ते आमच्याकडून आलंय."

अरीज भिंतीला टेकून उभी राहिली. पाळण्यातली चादर रोज सकाळी ती घालायची तशीच्या तशी दुपारी असायची, एक सुरकुती नसायची, आणि तिला वाटायचं मावशी किती टापटिपीच्या. मुलगा त्यात कधी झोपलेलाच नव्हता. उचलताना मला कधी दुखलेलं नाही. बाई खरंच बोलली होती. उचलतच नव्हती, तर दुखेल कुठून? हज्जा बदरियाने शून्य सांगितलं तेव्हा सगळे हसले होते, आणि आधीच्याच पानावर तेच शून्य अरीजने गंभीरपणे लिहून घेतलं होतं.

तिला आधी राग आला. मग तिने मनातल्या मनात ती सगळी चित्रं पुन्हा काढून बघितली, जिन्यातलं, किटलीचं, कंबरेत चमक भरल्याचं. एकाही चित्रात सनद कडेवर नव्हता.

तिने पर्स खाली ठेवली. आवाज झाला. दोघी वळल्या, आणि उम्म मुरादच्या हातातला रुमाल आपोआप तिच्या पाठीमागे गेला.

"लवकर आलीस," ती म्हणाली.

अरीजला विचारायच्या होत्या त्या दहा गोष्टी होत्या. त्यातली एकही तिने विचारली नाही. "मावशी," ती म्हणाली, "त्याला बाल्कनीत न्यायचं झालं तर काय करता? तिथे पायरी आहे."

उम्म मुरादने विहिणीकडे पाहिलं. विहीण छताकडे बघत होती.

"पायरीवर फळी टाकते," उम्म मुराद हळूच म्हणाली. मग थोडं मोठ्याने. "पलंगाखालची. रुंद आहे. कातडं तिच्यावरून नीट जातं. आधी कलिंगड ठेवून दोनदा ओढून बघितलं."

"आणि लंगोट?"

"गादीवरच, माझ्या शेजारी. मी बसल्याबसल्या. पाय वर धर म्हटलं की धरतो आता."

"आणि वाकलं तर काय होतं?"

"इथून वीज जाते," तिने कंबरेपासून टाचेपर्यंत बोट फिरवलं. "तू बाळंत व्हायच्या आधीपासून."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्याला माझ्याजवळ ठेवला असतास?"

अरीजने खोटं बोलायचा विचार केला. "नाही," ती म्हणाली. "नसता ठेवला."

"मग?" उम्म मुराद म्हणाली, आणि कातड्यावर बसलेल्या सनदने रुमाल ओढून तिला पुढे चालायला सांगितलं.

त्या दुपारी तिघींनी मिळून ठरवलं, मुरादने म्हटलं होतं तसं, फक्त त्यात मुरादच्या वाट्याला काय आलं ते त्याला संध्याकाळी कळलं. सनदची आंघोळ त्याने घालायची. उचलण्याचं जे काही असेल ते सकाळी जायच्या आधी आणि घरी आल्यावर त्याने आणि अरीजने करायचं. पाळणा उम्म हातिमच्या सुनेला द्यायचा. उम्म मुरादने उपचार घ्यायचे, पण हॉस्पिटलात नाही, तिथल्या रांगेत अर्धी गल्ली भेटते. घरी, दार लावून, आणि अबू गाझीच्या कानावर न जाता.

"लोकांना कळायला नको की मी बरी होतेय," ती म्हणाली. "ऑलिव्ह अजून संपले नाहीत."

सनद झर्काला जाणार नव्हता. उम्म कैस मात्र आणखी आठवडाभर राहणार होती, कारण तिलाही तपासायचं होतं. "मला काही झालेलं नाही," ती म्हणाली, आणि हे सांगायला मान नुसती वळवायच्या ऐवजी सगळी वळली.

डॉ. हायफांना अरीजने सांगितलं, की प्रत्येक बाबीआधी तोंडी एक गोष्ट विचारायला हवी: हे काम तुम्ही करता का, आणि करत नसाल तर कसं निभावता. मूळ प्रश्नावलीत ढवळाढवळ चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, वेगळ्या कागदावर असेल तर चालेल, असंही म्हणाल्या. आणि एकेकट्या माणसाला, दार लावून. हाजीसाहेबांनी त्या वेगळ्या कागदावर एवढं बोलून घेतलं की मागची बाजूही भरली, आणि बाहेर त्यांची बायको दार ठोठावत राहिली.

त्या दिवशी अरीज घरी आली तेव्हा सनद बोळात होता. तिला बघून हसला. ती वाकली, दोन्ही हात पुढे केले. उम्म हातिमचा नातू असे हात बघितले की स्वतःचे हात वर करतो, उचला म्हणून. सनदने तिच्या हातांकडे थोडा वेळ बघितलं, मग ते बाजूला सारले, तिच्या कोटाचा काठ मुठीत धरला, आणि तिच्या बुटावर पाय देऊन चढायला लागला.

तो हात वर करत नाही, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"अशी उभी राहून नाही जमणार त्याला," उम्म मुराद गादीवरून म्हणाली. "खाली बस."

अरीज फरशीवर बसली, कोट न काढताच.

"पाठ भिंतीला. पाय लांब कर. तो डावा खांदा थोडा खाली घे, त्याला तिकडून सवय आहे. हात लावू नकोस त्याला. नुसता मागे असू दे."